चार जणांचं टेबल

सुंदराबाईंनी फ्रिजवरचा कागद तिसऱ्यांदा वाचला, या वेळी चष्मा पुसून. तरी आकडा काही बदलेना. शनिवार दुपार, टेबल चार जणांचं. शनिवार रात्र, चार जण. रविवारचा नाश्ता, चार जण. आणि घरात माणसं पाच.

कागद सुनेचा, म्हणजे अक्षताचा. घाटाखालच्या त्या पाळण्यांच्या मोठ्या पार्कात दोन दिवस जायचं ठरलं, आणि तिने फोन करकरून जेवणाची टेबलं धरून ठेवली. "थोडं मोकळं ठेव की. भूक लागेल तिथे खाऊ," असं सुंदराबाईंचा मुलगा प्रज्ञेश म्हणाला, तर ती म्हणाली, "ठेवते. मग रांगेत तू उभा राहा आणि भूक कशी मारायची ते पोरांना तूच शिकव." शेवटी रविवारची दुपार तेवढी मोकळी सुटली. वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये अक्षताच्या हातून चूक म्हणून होत नसे. दूधवाल्याचे खाडेसुद्धा तिला तोंडपाठ. म्हणजे चार हा आकडा चुकून पडलेला नव्हता. मुलगा, सून, दोन नातवंडं. झाले चार. मग उरलं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

सकाळी हास्यक्लबात त्यांनी दुर्गाबाईंच्या कानावर घातलं. दुर्गाबाई हसायच्या थांबल्या. "अहो, आमच्या बी विंगमधल्या एका बाईंना असंच फिरायला म्हणून नेलं. आता तळेगावला असतात. आश्रम चांगला आहे म्हणे, बागबीग आहे." एवढा धीर देऊन त्या पुन्हा हात वर करून हसायला लागल्या. तळेगाव पार्कच्या वाटेवरच लागतं, हे सुंदराबाईंना ठाऊक होतं.

मग त्यांनी सुनेवर पाळतच ठेवली. पाळत ठेवली की पुरावे मिळतातच. त्यांची बॅग वेगळी भरली गेली. तिच्यात शाल. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभराच्या. "दोन दिवसांना एवढ्या कशाला गं?" विचारलं, तर अक्षता म्हणाली, "असू देत आई. लागल्या तर?" लागल्या तर म्हणजे काय, हे विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

रात्री सगळे जेवायला बसले. अक्षता ओट्याशी पोळ्या करत होती. "आई, ही घ्या, छान फुगलीय," म्हणत तिने तव्यावरची पोळी त्यांच्या ताटात टाकली, वर तूप सोडलं. नातवंडं ओरडत होती, तरी पहिली पोळी आजीलाच. हे तसं रोजचंच होतं. पण त्या रात्री सुंदराबाईंना तो घास गिळवेना. निघालेल्या पाहुण्याचे करावेत तसे हे लाड वाटले. नवरा गेल्यापासून हे घर म्हणजेच त्यांचं सगळं काही होतं. इथून उचललं तर जायचं कुठे?

शनिवारी तळेगावची पाटी आली तेव्हा त्यांनी पर्स छातीशी घट्ट धरली. गाडी वळली नाही. येताना वळवतील, असं त्यांनी मनाशी धरलं.

दुपारी एकच्या ठोक्याला अक्षताने दोन्ही पोरांना, साई आणि अस्मिताला, पाळण्याच्या रांगेतून ओढून काढलं आणि सगळ्यांना रेस्टॉरंटच्या दारात उभं केलं. काउंटरवरच्या मुलीने यादी पाहिली, मग यांच्याकडे पाहिलं. "चार जणांचं टेबल आहे. तुम्ही तर पाच आहात. जादा खुर्ची नाही बसणार हो. पाच जणांना पाऊण तास तरी थांबावं लागेल."

सुंदराबाईंचा बांध फुटला. "पाचवी मीच ना? नकोशी झाले होते, तर घरीच सांगायचं होतंस, अक्षता. एवढा घाट कशाला घातलास?"

अक्षता बघतच राहिली. "काहीतरीच काय आई! तुमचं नाव तर मी पहिलं धरलंय." तिने मूठ पुढे केली आणि एकेक बोट उघडत गेली. "हे बघा. तुम्ही, प्रज्ञेश, साई, अस्मिता." चार बोटं उघडली आणि ती थांबली. अंगठा तळव्यात मिटलेलाच होता. "चारच तर आहोत. पाच कसे होतात?" म्हणत ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

सुंदराबाईंना वारज्याचं टेबल दिसलं. चार खुर्च्या, चार ताटं आणि ओट्याशी पाठमोरी अक्षता. बारा वर्षांपूर्वी ती नवीन नवरी असताना "आधी आम्ही बसतो, तू गरम गरम वाढ" असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. पुढे कधी "आता तू बस" म्हणायचं राहून गेलं. त्यांना शरमेने मान वर करवेना.

"जाऊ दे. तुम्ही बसा ना, मी नंतर खाईन काहीतरी," अक्षता म्हणाली. प्रज्ञेश मुलांना घेऊन आत निघालासुद्धा.

"प्रज्ञेश, माघारी ये," सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेचा हात हातात घेतला, तिचा मिटलेला अंगठा उघडला आणि काउंटरवरच्या मुलीकडे वळल्या.

"हे टेबल दुसऱ्या कुणाला द्या, बाळ. आम्ही पाच जण आहोत. थांबतो."