वरवरचा मका

सुलभाबाईंचं पत्र कोंबडीखाद्याचे तपासनीस असलेल्या जोगळेकरांनी तीन वर्षं पुस्तकात दडवलं होतं. ‘साहेब, तुम्ही तपासलेलं खाद्य घालूनही माझ्या चारशे कोंबड्या मेल्या. सासू म्हणते, हिचा हातच वाईट. माझं काय चुकलं?’

चूक जोगळेकरांची होती. खाद्यासाठी आलेल्या पोत्यांतला वरवरचाच मका त्यांनी तपासला होता. तळाशी ओलीमुळे बुरशीचं विष भिनलं होतं. हे कळूनही नोकरी असेपर्यंत उत्तराचं धाडस झालं नाही. आज मात्र ते लिहायला बसले.

“पाचवा कागद फाडलात! कादंबरी लिहिताय?” बायकोने विचारलं.

“जमत नाहीये गं.”

“ती काय मार्क देणार आहे? लिहा आणि टाका.”

सहाव्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘बाई, तुमचं काहीच चुकलं नाही. मका मी नीट तपासला नव्हता. हे पत्र कुणालाही दाखवा.’ खाली पूर्ण नाव लिहून त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.