परवानगी नाही

‘परवानगी नाही.’ काळ्या पडद्यावर पुन्हा तेच उमटलं. बुरुलायने टेबलावर अशी मूठ आपटली की माउस टुणकन उडून वायरीला लोंबकळायला लागला.

“फोड, फोड,” कॉम्प्युटर लॅबच्या दारात किल्ल्या खुळखुळवत उभे असलेले सुयुन सर म्हणाले. “एवढा एकच कॉम्प्युटर धड उरलाय, तोही फोड.”

“सर, पाचच मिनिटं!”

“तुझी पाच मिनिटं मघाशीच संपली. आता माझी चालू आहेत.”

बुरुलायने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये आणखी घट्ट दाबला. पलीकडे, गावात, तिची वहिनी होती. सर्व्हर वहिनीचाच. कुठल्याशा परदेशात ठेवलेला, भाड्याचा. त्याला ना हात लावता येतो, ना लाथ घालता येते. त्याच्याशी बोलायचं ते या काळ्या पडद्यावर, एकेक हुकूम टाइप करून. अख्खा हिवाळा वहिनी कामं उरकली की चुलीच्या उबेला बसून हेच शिकत होती, आणि सुट्टीला घरी आलेली बुरुलाय तिच्या खांद्यावरून डोकावून अर्धंमुर्धं उचलत होती. आज संध्याकाळी राजधानीतली, बिश्केकची कंपनी वहिनीने बनवलेलं वेबपान उघडून बघणार होती. उघडलं तर घरबसल्या नोकरी. नाही उघडलं तर वसंतात मेंढ्यांबरोबर वर कुरणावर. आईने तसं बजावूनच ठेवलं होतं. तिथे फोनला रेंज नाही, सर्व्हर कुठला!

आणि नेमकी आजच गावातली वीज गेली.

पान तयार होतं. नुसतं आत शिरून ते चालू करायचं होतं. स्वतःचा फोन मरायच्या आत वहिनीने घाईघाईने निरोप पाठवला होता: सर्व्हरचा पत्ता, द्यायचा हुकूम, सगळं. पासवर्ड लिहीपर्यंत फोन मेलाच. आता ती आईच्या जुन्या डब्यावरून बोलत होती. त्याची आकड्यांची बटणं कधीच बसलेली. आलेला फोन तेवढा घेता यायचा.

बुरुलायचं पहिल्यापासूनच काही धड होत नव्हतं. आधी हुकूम टाइप केला तर पडद्यावर ‘ды’ असलं काहीतरी आलं. कीबोर्ड रशियन अक्षरांवर राहिलेला! तो बदलला तर वायर निघाली. वायर खोचली तर सर आले.

“वहिनी, पासवर्ड सांग. सरळ सांग!”

“सांगितला की, लांबवेणी,” वहिनी कुजबुजली. “जे माझ्या तोंडून येत नाही, ते. सगळी लहान अक्षरं.”

“कोडी काय घालतेस? मी काय लग्नाच्या मांडवात बसलेय?”

“सगळे इथेच आहेत गं. एकाच खोलीत चूल पेटलीय.”

तेव्हा कुठे बुरुलायची ट्यूब पेटली. नाव! सून सासरच्यांची नावं घेत नाही. वहिनीने तर लग्न होऊन आल्यापासून एकदाही घेतलं नव्हतं. सासरे ‘घरधनी’, नवरा ‘मॉस्कोवाले’, धाकटा दीर ‘शाळकरी’, बुरुलाय ‘लांबवेणी’. चुकून घेतलं असतं तर आईने ते गावभर केलं असतं.

मग काय, सोपंच की! तिने बाबांचं नाव टाकलं, तोक्तोसुन. परवानगी नाही. आईचं टाकलं, साल्किन. परवानगी नाही. मोठ्या दादाचं एर्मेक, धाकट्या भावाचं बाकाय. नाही, नाही, नाही! वर हा सर्व्हर इतका कद्रू, की पासवर्ड टाइप करताना पडद्यावर साधं टिंबसुद्धा उमटू देत नाही. नाव चुकलं की बोट चुकलं, कळावं कसं? तिने सगळी नावं पुन्हा टाकली, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर. सर्व्हर ढिम्म. आता तिला रडायला यायला लागलं, आणि रडायला आलं म्हणून आणखी राग आला.

“यातलं एकही नाही!” ती फोनवर किंचाळली. “सगळं घर संपलं, वहिनी!”

“नाही संपलं गं...”

“तो फोन ठेव आधी,” मागून आईचा आवाज आला. “कढईत बोरसोक जळताहेत. सकाळपासून आपलं सर्व्हर, सर्व्हर! मी सांगितलंय, नाही जमलं तर नाही जमलं. मेंढ्यांना पासवर्ड लागत नाही.”

बाबा खो खो हसल्याचं ऐकू आलं.

“चल, उठ,” सर म्हणाले. त्यांनी मागचे दिवे घालवले. “मी आता मेन स्विचच बंद करतो.”

“वहिनी, सर बंद करताहेत! वहिनी!”

फोनमध्ये नुसता तेलाचा चुर्र आवाज येत राहिला. मग तोही थांबला. बहुधा कढई खाली उतरली.

“बुरुलाय.”

“हां, बोल.”

“बुरुलाय!” या वेळी कुजबूज नव्हती. अंगणातल्या कुत्र्यालाही ऐकू गेलं असतं.

“अगं, ऐकतेय मी! हाका काय मारत बसलीस, पासवर्ड सांग!”

पलीकडे झारा खणकन खाली पडला.

“काय म्हणालीस गं तू आत्ता?” आईने विचारलं.

“पासवर्ड सांगितला, आई,” वहिनी म्हणाली.