गौरीपुढचा राक्षस

"मांडायला दहापैकी नऊ गुण, खेळायला चार," नवऱ्याने निकाल दिला. व्हिडिओ गेममधला तो वीतभर प्लास्टिकचा राक्षस टेबलावर तोल सांभाळत उभा होता. नवऱ्याचं वय बेचाळीस. "याचा गुडघा वाकत नाही गं," तो हळहळला.

"यापुढे एकही नवीन बाहुलं घरात आलं, तर माझ्याशी गाठ आहे," मी बजावलं. त्याने मान हलवली.

गौरींच्या आरासीतला मातीचा हत्ती ऐनवेळी फुटला, म्हणून सासूबाईंनी राक्षस उचलला, जबडा उघडून पाहिला आणि थेट थोरल्या गौरीपुढे नेऊन ठेवला. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका गौरी सोडून त्यालाच न्याहाळत बसल्या. लेलेकाकूंनी तर त्याच्या शिंगाला कुंकू लावलं.

"दात काय सुबक आहेत! पण धाकटीपुढे का नाही?" त्यांनी विचारलं.

सासूबाई ओशाळल्या. "खरंच की, गौरींचं सगळं जोडीनं लागतं. श्रीरंग, असाच दुसरा कुठे मिळेल रे?"

नवरा माझ्याकडे बघेना. स्टुलावर चढला आणि माळ्यावरून हुबेहूब तसाच राक्षस, सीलबंद खोक्यासकट, खाली काढला.

"हा मांडायचा होता," तो पुटपुटला. "तो खेळायचा."