आज मेनिया आली नाही

"शून्य," संचालक प्लाट्नर म्हणाले. "अख्ख्या बादिया खोऱ्यात फोनवरून पाहणी केली, तुमच्या बातम्या ऐकणारा एकही माणूस सापडला नाही, मेनियाबाई. चुकून एखादा तरी हो म्हणेल असं मला वाटलं होतं."

मेनियाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तरुणपणापासून ती उत्तर इटलीतल्या बोल्झानोच्या या रेडिओ केंद्रावर रोज दुपारी लादिन भाषेत बातम्या वाचत आली होती. जेमतेम पाच मिनिटं. उरलेला सगळा दिवस हा रेडिओ जर्मन आणि इटालियन बोलायचा. ही पाच मिनिटं गेली की खोऱ्याची भाषा रेडिओवरून कायमची गेली, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती.

प्लाट्नर तसे वाईट नव्हते. त्यांनीच तोडगा काढला. "उद्या तुम्ही येऊ नका. त्या वेळेत मी संगीत लावतो. लोकांची एक जरी तक्रार आली, तरी तुमच्या बातम्या चालू. नाही आली, तर माझा नाइलाज आहे. आणि उद्याची वेळ टळेपर्यंत गावात कुणाला काही बोलायचं नाही."

मेनियाने शब्द दिला आणि ती बसने गावी परतली. पण जीव राहीना. ती तडक शेजारच्या उयेपकडे गेली. कुरणाच्या हद्दीवरून त्याचं आणि तिचं जुनं वैर होतं. तेव्हापासून त्याने आपला रेडिओ भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. रोज दुपारी त्या पाठमोऱ्या रेडिओसमोर बसून तो तिच्या प्रत्येक बातमीशी हुज्जत घालायचा. त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा.

"पाहणीवाल्यांचा फोन आला होता ना? काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"खरं तेच. बाई इटालियनमध्ये विचारत होती, लादिन रेडिओ ऐकता का म्हणून. मी म्हटलं, नाही बुवा."

"मग घाटात दरड कोसळल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"तू. तेही उशिरा सांगितलंस."

म्हाताऱ्या ट्रेझलची तऱ्हा तीच. बातम्यांची वेळ झाली की ती मळका एप्रन काढून धुतलेला बांधायची. "रेडिओ? छे गं पोरी," ती म्हणाली. "त्या वेळेला तू येतेस. मग रेडिओ ऐकायला सवड कुठली?"

मेनियाने कपाळाला हात लावला. शब्द दिलेला होता, त्यामुळे पुढे काही बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवर व्हायोलिन वाजू लागलं. ते संपायच्या आत मेनियाच्या दारात ट्रेझल उभी. हातात पालक भरून तळलेल्या गरमागरम तुत्रेसची थाळी. तिच्यामागे कुणी जवाचं सूप घेऊन, कुणी नुसतीच काळजी घेऊन. थोड्याच वेळात स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. उयेप उंबऱ्याबाहेरच थांबला. वैर होतं ना.

"आज आली नाहीस," ट्रेझल म्हणाली. "आमचं काही चुकलं का?"

मेनियाला गलबलून आलं. वेळ टळली होती, शब्द पाळून झाला होता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं आणि फोन ट्रेझलच्या हातात कोंबला. "आता मला काही विचारू नका. या नंबरावर तक्रार करा. चांगली खणखणीत करा."

पण एक गोष्ट ती विसरली होती. या खोऱ्यात माणूस आपल्या माणसाला आपल्या भाषेत वाट्टेल ते बोलेल, पण परक्याशी त्याच्या भाषेत बोलायला लागला की गोडच बोलणार. घरचं गाऱ्हाणं परक्यापुढे मांडणं म्हणजे घराण्याला बट्टा.

ट्रेझल पलीकडच्या माणसाशी उत्तम जर्मन बोलली. "तक्रार कसली हो साहेब? सगळं छान आहे. मेनियाला पडसं झालंय, तेवढं सांभाळून घ्या. तिला रागावू नका. उद्या येते ती."

"अहो ट्रेझलमावशी," मेनिया कळवळली.

दुसऱ्याने तिची कंबर धरल्याचं सांगितलं. तिसरीने गाय आजारी पाडली. जे आले नव्हते, त्यांनीही निरोप कळताच आपापल्या घरून फोन केले. शेवटी उयेपने उंबऱ्याबाहेरूनच हात लांब केला. "साहेब, बाई भांडखोर आहे. पण कामचुकार नाही, हे माझ्याकडून लिहून घ्या. बाकी, तुमचं संगीत फार सुरेख."

मेनिया डोकं धरून बसली. या प्रेमळ माणसांनी प्रेमानेच तिचा गळा कापला होता.

संध्याकाळी प्लाट्नरांचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"मेनियाबाई, दुपारपासून इथला फोन खाली ठेवता आलेला नाही. तक्रार मात्र एकही नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी सामान घ्यायला कधी येऊ?"

"कसलं सामान? आधी मला एक सांगा. ऐकत कुणीच नाही, तर आज तुम्ही नव्हता हे सगळ्या खोऱ्याला कळलं कसं?"

मेनियाने दाराकडे पाहिलं. उयेप अजून उंबऱ्याबाहेर उभा होता आणि तिच्याच थाळीतलं शेवटचं तुत्रेस खात होता.

"उद्या वेळेवर या," प्लाट्नर म्हणाले. "वर काय कळवायचं ते माझं ठरलंय. श्रोता एकही नाही, आणि सगळे वाट बघताहेत."