साठीतली कुमुद

"हृदय थांबलं तर मला परत उठवायचं, काहीही करून!" भिंतीवरच्या पडद्यातून साठीतली कुमुद ठणकावून म्हणाली.

खाटेवरच्या नव्वदीतल्या कुमुदआजी भडकल्या. "हिला कोण विचारतंय? मी जिवंत आहे ना अजून!"

"आजी, कायद्याने शब्द तिचाच चालतो," डॉक्टर तांबोळी ओशाळून म्हणाले. "तुम्ही धडधाकट असताना तुमच्या मनाची ही प्रत काढून ठेवलीत. आता तिने 'नको' म्हटलं, तरच आम्हाला थांबता येईल."

आधी दोनदा हृदय सुरू करताना आजींच्या बरगड्या मोडल्या होत्या. तिसऱ्यांदा त्या कुणाला हात लावू देणार नव्हत्या. कण्हत, उशीला टेकून त्या उठून बसल्या.

"का गं, कशासाठी एवढी अडून बसलीयेस?"

"मुग्धाचं लग्न बघायचंय. एकुलती एक नात आहे माझी."

"झालं ते! वरातीत गुडघे विसरून नाचले मी. तू नव्हतीस."

तीस वर्षांत पडद्यातल्या कुमुदला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिचा हळूच आवाज आला, "कुठल्या गाण्यावर गं?"

आजींनी मुद्दाम तोंड फिरवलं.

"आधी नको म्हण. मग सांगते."