लगेच मुरणारं

दीपमाला रोज संध्याकाळी आईच्या भेगाळलेल्या टाचांना खोबरेल चोळायची, पण तिचा सगळा जीव शेजारच्या लॅपटॉपवर. अमेरिकेच्या क्लायंटचे मेल येत राहायचे, तेलकट बोटांनी उत्तर देता यायचं नाही आणि तेल काही मुरता मुरायचं नाही.

क्रीम-लोशनच्या कंपनीत ती केमिस्ट. शेवटी वैतागून तिनं याच दुखण्यावर औषध काढलं. तेलाऐवजी एस्टर नावाचं हलकं रसायन घालून असं लोशन बनवलं, की लावताक्षणी मुरावं आणि बोटं कोरडीच्या कोरडी राहावीत. साहेब खूश झाले. पहिली बाटली तिनं कोथरूडला घरी आणली. आता टाचांवरून दोन बोटं फिरवली की दीपमाला मोकळी.

महिन्याभरात आईच्या टाचा लोण्यासारख्या झाल्या. तरी एका संध्याकाळी आईनं खोबरेलाची जुनी बाटली पुढे केली.

"आता कशाला गं ते चिकट तेल? लोशननं टाचा किती मऊ झाल्यात बघ," लॅपटॉप उघडत दीपमाला म्हणाली.



"झाल्यात की. पण तेल मुरेपर्यंत तू बसायचीस."