मोगऱ्याची साक्ष

"ताई, सांगून कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण या मोगऱ्यानं होळीपासून पाण्याचा थेंब पाहिला नाही," अकोल्यातल्या आपल्या गच्चीवर तराळेकाकांनी पाणी-निरीक्षक सोनटक्केबाईंना छातीठोकपणे सांगितलं. "नुसत्या माझ्या गप्पा ऐकून फुलतो!"

उन्हाळ्यात बागेला पाणी घालायची सक्त बंदी होती. चोरी उघडी पडली की झाड जप्त. आणि काकांचा सगळा जीव त्या मोगऱ्यात.

"काकाजी, तुमचं पुरे झालं. आता झाडांना बोलू द्या," म्हणत बाईंनी कुंड्यांमधल्या बोलक्या कांड्या सुरू केल्या. झाड जे बोलेल, ते या कांड्या माणसाच्या भाषेत सांगत.

काका निर्धास्त होते. मोगऱ्याला त्यांनी आठवडाभर बसून पढवलं होतं.

"पाणी?" मोगरा म्हणाला. "गेल्या जन्मी कधीतरी प्यालो असेन बुवा!"

काकांनी ऐटीत मिशीला पीळ दिला. तेवढ्यात कठड्याशी सुकून काटकी झालेली जास्वंद कडाडली,

"खोटं! साफ खोटं! रोज सकाळी तांदळाचं धुवण ढोसतो मेला, अन् मला एक थेंब नाही!"